हेल्मेटला ओरखडा नव्हता

होळीचा रंग नखांतून निघतो न निघतो तोच टीव्हीवर त्या परदेशी रेसच्या गाड्यांचा सीझन सुरू होतो. एका माणसाची गाडी. चाकं उघडी, छत नाही, शेजारी बसायला जागा नाही. माझा नवरा म्हणतो, "इतनी महंगी गाडी और बीवी को बिठा नहीं सकते, क्या फायदा?" तो गोंदियातच वाढला, राइस मिलमध्ये नोकरीला आहे, घरात निम्मं हिंदीच बोलतो. त्याला त्या रेसमध्ये काडीचा रस नाही. मलाही नव्हता. तो नाद माझ्या धाकट्या भावाचा, आणि भावामुळे बाबांचा. भाऊ थंडीत गेला. आणि होळी झाल्यावर एका सकाळी बाबांनी चहाची बशी खाली ठेवून मला विचारलं, "बाई, रेस कवा आहे वो?"

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे, फुलचूरला असतात. त्यांचं गाव बोदलकशाच्या तलावाच्या पलीकडे. तरुणपणी ते धुरकरी होते, म्हणजे शंकरपटात बैलांची जोडी हाकणारे. छकडा इतका हलका की एका हाताने उचलावा, त्यावर एकच माणूस, पुढे दोन बैल आणि समोर सरळ दान, म्हणजे पळायची पट्टी. आजूबाजूच्या गावांत त्यांना लोक जोडीसकट ओळखत. मग पट बंद झाले, बैल विकले गेले, आणि पुन्हा पट सुरू झाले तोवर बाबांचे गुडघे गेले होते. गुडघे गेले, पण मन काही दानीवरून उतरलं नाही.

भाऊ देवरीला मोटरसायकलच्या गॅरेजात काम करायचा. शनिवारी संध्याकाळी त्याची गाडी आमच्या फाटकाशी येऊन थांबायची, आणि रविवारी दोघं बापलेक टीव्हीसमोर ठाण मांडून बसायचे. भावाने फोनवरून टीव्हीला ती रेस जोडून द्यायची आणि बाबांनी सुरुवातीपासून वाद घालायचा. वाद कायमचा एकच. प्रत्येक टीमच्या दोन गाड्या असतात, एकाच रंगाच्या. बाबांचं म्हणणं, ती जोडी. एक डावा, एक उजवा.

"जोडी नाही हो बाबा," भाऊ म्हणायचा, "ते एकमेकांच्याच विरोधात पळून राहिले."

"कायच्या विरोधात? मालक एक, गोठा एक, चारा एक. मंग जोडी नाही तं का?"

"अवो, त्यायले एकमेकाच्या पुढं जा लागते."

"जो बैल सोबत्याच्या पुढं जाते त्याले पटात कोनी ठेवत नाही. इकून टाक म्हनावं त्याले."

भाऊ हसून हसून गादीवर लोळायचा. मग बाबांच्या मांडीवर थाप मारून म्हणायचा, "पुढच्या सीझनले मीच दिसन तुमाले तिथं. टोप घालून. वळखजा मंग." हेल्मेटला बाबा टोप म्हणत. ते म्हणायचे, "वळखीन ना. बैल मी मानेवरून वळखतो, पोरगा नाही वळखनार?" मी स्वयंपाकघरातून ओरडायची की भाकरी थंड होऊन राहिली, ती ओळखा आधी.

सीझनची शेवटची रेस पाहून तो सोमवारी पहाटे देवरीला निघाला. धुकं होतं. वाटेत जंगलाच्या पट्ट्यात एक ट्रक बिनलाइटचा उभा होता. बस, इतकंच. याहून जास्त मला आजही सांगता येत नाही.

त्याला घरी आणलं ते पांढऱ्या कापडात बांधून. आमच्याकडे माणूस उचलण्याआधी तोंड दाखवतात. म्हातारंकोतारं, लेकरंबाळं, सगळे ओळीने येतात, बघतात, तोंडात पाणी घालतात. तोंड पाहून, मग घरी येऊन अंग धुतल्याशिवाय मयत पुरी होत नाही, असं आमची माणसं मानतात. पण दवाखान्यात ओळख पटवायला मामा गेला होता, आणि मामाने दारातच हात आडवा धरला. "कोनीच पाहू नका. पाहासारखं काही राहिलं नाही. जसा होता तसाच ध्यानात ठेवा." मामाचा चेहरा असा झाला होता की कोणाची पुढे जायची छाती झाली नाही. बाबांची नाही, माझीही नाही. गाठ सुटली नाही. पाणी कापडावरूनच घातलं.

आठवड्याने पोलिसांकडून त्याचं सामान आलं. पिशवीत पाकीट, फुटलेला फोन, आणि हेल्मेट. पांढरं, निळ्या पट्ट्याचं. बाबांनी ते मांडीवर घेतलं, धोतराच्या सोग्याने पुसलं, फिरवून फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, याले तं ओरखडा बी नाही."

नव्हताच. कुठून असणार? आमच्याकडे हेल्मेट डोक्यावर कोण घालतं? ते हँडलला अडकवलेलं असतं. चौकात शिट्टी ऐकू आली की डोक्यावर, चौक गेला की परत हँडलला. भाऊही त्यातलाच. ट्रकखाली गाडी गेली आणि हेल्मेट उडून गवतात पडलं असणार. हे मला कळत होतं, नवऱ्याला कळत होतं. पण बाबा कधी मोटरसायकलवर बसले नव्हते. त्यांच्या लेखी टोप म्हणजे डोक्यावर. आणि टोपाला काही झालं नाही, तर आतल्या तोंडाला कसं होईल? हे गणित त्यांनी मनातल्या मनात सोडवलं आणि आम्हाला होळीपर्यंत सांगितलं नाही.

पहिल्या रेसला मी कशीबशी फोनची जोडणी केली. गाड्या सुटल्या, त्यांचा तो कानात माशी शिरल्यासारखा आवाज सुरू झाला, आणि मधेच एका गाडीवरच्या कॅमेऱ्यातून त्या ड्रायव्हरचं डोकं दिसलं. पांढरं हेल्मेट, त्यावर निळं काहीतरी. वळणावर डोकं डावीकडे कललं, फाटकाशी गाडी वळवताना भावाचं कलायचं तसं. बाबा पुढे सरकले.

"मान पाह्य त्याची," ते हळूच म्हणाले. "पाह्य बाई. गेला तिथं."

मी म्हटलं, "कोण बाबा?"

"आता कोन! म्हनून राहिला होता ना, पुढच्या सीझनले. थो कापडातला दुसऱ्याचा कोनाचा होय. आपन तोंड कोठी पाहिलं?"

वेड लागलं म्हणावं, तर माणूस बाकी सगळ्यात पक्का. धानाचा भाव तोंडपाठ, औषधाची वेळ चुकत नाही, दुधवाल्याने पाणी घातलं तर त्याच्या सात पिढ्यांची खबर घेतात. फक्त या एका जागी त्यांनी पाय रोवला होता. आणि खरं सांगते, त्या दिवशी त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांनंतर माणसासारखा दिसला. पोटभर जेवले. ताट पुसून खाल्लं.

नवरा म्हणाला, "बता दो उनको. ये ठीक नहीं है."

मी म्हटलं, "तुम्ही सांगा. हिंमत असेल तर सांगा, मी पाणी घेऊन मागे उभी राहते."

सांगणं सोपं असतं का हो? एकदा मेलेला पोरगा पुन्हा मारायचा, तोही बापासमोर. ते काम मला जमणारं नव्हतं. म्हणून मी ठरवलं, बाबांना त्या ड्रायव्हरचं तोंड दिसू द्यायचं नाही. हेल्मेट आहे तोवर पोरगा आहे.

सांगते तुम्हाला, हे काम सोपं नव्हतं. रेसच्या आधी ते सगळे ड्रायव्हर उघड्या डोक्याने फिरतात, हात हलवतात, मुलाखती देतात. म्हणून गाड्या सुटल्यावरच मी टीव्ही लावायची. आधी लावला तर रिचार्ज संपेल, असं बाबांना सांगून ठेवलं होतं. कोपऱ्यात फोटो येतात ते बारके, आणि बाबांचे डोळे अधू, त्याची भीती नव्हती. शेवटी झेंडा पडला की लगेच बंद. त्यावर बाबांचीही ना नसायची, कारण त्यांचा पटातला नियमच होता की पळ झाला की जोडी सोडायची आणि घराचा रस्ता धरायचा. एका गोष्टीने देव पावला होता. तो ड्रायव्हर मागच्या बाकावरचा होता. त्याची टीमही तशीच, गावच्या पटात पाहुणी आल्यासारखी. पहिल्या तिघांचीच तोंडं शेवटी मोठी करून दाखवतात, आणि हा बापडा कायम चौदावा-पंधरावा. मी स्वयंपाकघरात देवाला हात जोडायची की याला मागेच ठेव. माझी सासू असती तर म्हणाली असती, पोरीची मती फिरली.

पण मती माझीही फिरत चालली होती, ते कोणाला सांगू? हेल्मेट बाबांनी टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवलं होतं, काच आमच्याकडे करून. मी झाडताना त्याच्याकडे पाठ करायची नाही. एकदा दुपारी घरात कोणी नव्हतं तेव्हा ते उतरवलं आणि आत नाक घातलं. त्याच्या केसांच्या तेलाचा वास अजून होता. मी तिथेच फरशीवर बसले. शनिवारी संध्याकाळी रस्त्यावर मोटरसायकल हळू झाली की माझा हात आपोआप जास्तीच्या पिठाकडे जायचा. तोंड तर मीही पाहिलं नव्हतं ना. डोक्याला सगळं कळत होतं, पण डोकं एकीकडे आणि जीव एकीकडे. वळणावर त्या पोराची मान डावीकडे कलली की मी भाजी ढवळायची थांबायची.

उन्हाळ्यात एका रेसला त्याची गाडी भिंतीवर गेली. चाक निखळून उडालं, धूर झाला, गाडी उलटी घसरत गेली. मी किंचाळलेच. रिमोट कुठे ठेवला ते आठवेना. बाबा मात्र जागचे हलले नाहीत.

"कायले ओरडतेस? टोप आहे ना डोक्यावर."

सगळी गाडी विस्कटली होती. मग त्या लोखंडातून एक हात आला, मग पांढरं डोकं, आणि पोरगा बाहेर निघून स्वतःच्या पायावर उभा राहिला. लोकांकडे पाहून हात वर केला.

"पाह्य," बाबा म्हणाले. "निंगला का नाही? मी म्हनलं होतं."

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पदर तोंडात कोंबून रडले. माझ्या भावाला असं निघता आलं नाही, त्याचा मला त्या पोरावर राग आला. काय बिघडलं असतं देवाचं! बाहेर बाबा नवऱ्याला समजावत होते की धुरकरी पडला तरी चालते, पडल्यावर मान कशी धरायची ते त्याले आलं पाहिजे.

पोळ्याच्या सुमाराला त्यांच्या रेसला सुट्टी असते. बाबा त्या दिवसांत उगीच अंगणात येरझाऱ्या घालायचे. पोळ्याला त्यांनी मातीची जोडी आणली, पाटावर मांडली, हळद-कुंकू लावलं. मग फळीवरून हेल्मेट काढलं, जोडीच्या शेजारी ठेवलं आणि त्यालाही कुंकू लावलं. पांढऱ्यावर ते लाल बोट. मामा आला होता सणाला, त्याने ते पाहिलं आणि जेवता जेवता उठला. जाताना मला म्हणाला, "मी दाखवाले पाहिजे होतं का वो, बाई?" मी म्हटलं, "आता कायले विचारता मामा? तेव्हा तुमी म्हनलं अन् आमी ऐकलं." रागाने म्हटलं मी. पण तो पायऱ्या उतरताना म्हातारा दिसला, आणि मला माझीच चीड आली.

त्याच सुमारास फोनवर बातम्या यायला लागल्या की त्या टीमला हा ड्रायव्हर नको झाला आहे. दुसरा कोणी पोरगा बघून राहिले, सीझन संपायची पण वाट पाहणार नाहीत. असं करतात म्हणे ते लोक. मला कळेना, हे बाबांना कसं सांगायचं? पुढच्या रविवारी त्या गाडीत दुसरंच हेल्मेट दिसलं तर बाबांचा पोरगा कुठे गेला? मी दर दोन दिवसांनी ती बातमी शोधायची, आणि पुढच्या रेसला पांढरं हेल्मेट दिसलं की उसासा सोडायची. नवरा म्हणाला, "तुम दोनों बीमार हो." मी म्हटलं, हो आहे, तुम्ही तुमचं जेवा.

मग ती पावसाची रेस आली. इकडे आमच्याकडे स्वच्छ संध्याकाळ, तिकडे नुसता धो धो पाऊस. गाड्यांमागे पाण्याचे लोट, कोण कुठे आहे दिसेना. बाबा खूश. "ओल्या दानीवर बैलाचं नाही, हाकनाऱ्याचं काम असते." पुढच्या गाड्या एकेक करून घसरायला लागल्या. सगळ्यात पुढे पळणाऱ्या टीमच्या दोन्ही गाड्या एकमेकींवर आदळल्या, तसे बाबा ओरडले, "फुटली जोडी! म्हनलं होतं, पुढं जाऊन राहिला थो सोबत्याच्या!" मी पोळ्या लाटता लाटता बाहेर येऊन पाहिलं. पांढरं हेल्मेट सहावं. मग पाचवं.

"मागे हो रे," मी पुटपुटले. "मागे हो ना."

तो काही मागे होईना. टायर बदलून आला तेव्हा तिसरा होता. बाबांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. शेवटचे फेरे त्यांनी तोंडाने हाकले, जुन्या पटातल्या आवाजात, "हाऽ हाऽ" करत. झेंडा पडला. पोरगा तिसरा आला.

मी पिठाच्या हातानेच रिमोट उचलला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "बक्षीस घेताना पाहू दे त्याले."

"बाबा, रिचार्ज..."

"जाऊ दे तुझा रिचार्ज. आजवर कवा बक्षीस भेटलं त्याले? बापानं नाही पाहाव तं कोनं पाहाव?"

नवरा दारात येऊन उभा राहिला. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, "बंद कर." माझा अंगठा लाल बटणावर होता. दाबायचं तेवढं बाकी होतं. आणि मी दाबलं नाही. खोटं कशाला बोलू, मलाच पाहायचं होतं.

गाड्या येऊन थांबल्या. पोरगा गाडीतून उतरला, आपल्या टीमच्या माणसांवर जाऊन कोसळला, सगळ्यांनी त्याला थोपटलं. मग हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि हेल्मेट काढलं. आत ते लोक आणखी एक पांढरं कापड घालतात, घट्ट, पूर्ण डोक्याला, फक्त डोळे उघडे. तसाच तो क्षणभर उभा राहिला. मग त्याने मानेपाशी बोटं घालून ते कापड वर ओढलं.

टीव्हीभर त्याचं तोंड आलं. गोरापान, घामाने कपाळाला चिकटलेले पिवळसर केस, गालांवर कापडाचे वळ. हसत होता. किती लहान होता! बाबा उठले. गुडघ्यांवर हात देत टीव्हीपाशी गेले, एक हात फळीवर ठेवला आणि अगदी जवळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आवाज मोठा होता, तिकडे लोक नाचत होते.

"हा आपला नाही होय," बाबा म्हणाले.

मी रिमोट खाली ठेवला.

"याच्या मायनं पाहिलं असन याले आता. चांगलं झालं." मग ते माझ्याकडे वळले. "आपला गेला, बाई."

थंडीत भाऊ गेला तेव्हा मला रडू आलं नव्हतं. आलेल्या बायकांना चहा देत होते, मांडव बांधणाऱ्याशी भांडत होते. त्या संध्याकाळी मात्र मी अशी रडले की नवऱ्याला मला धरून खाली बसवावं लागलं. पिठाचे हात त्याच्या शर्टाला लागले. माझा भाऊ मेला, असं मी मोठ्याने म्हटलं, आणि ते पहिल्यांदाच म्हटलं. बाबा रडले नाहीत. त्यांनी स्वतः रिमोट उचलून टीव्ही बंद केला, माझ्या डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, आणि खांद्यावरचं उपरणं काढून खुंटीला अडकवलं.

"आंग धुवाले पानी ठेव," ते म्हणाले.

मला काही कळेना. नाक पुसत म्हटलं, "सकाळी धुतलं ना बाबा."

"तोंड पाहून आलो आता," बाबा म्हणाले. "तू बी धुवून घेजो. तुले बी कोनं दाखवलं नव्हतं."

मी उठले. अंघोळीच्या पाण्याचा मोठा गंज काढला, दोघांपुरतं पाणी भरलं आणि गॅसवर चढवलं.